चालून आलेलं घर

रविवारी संध्याकाळी मुलाकडचे येणार हे फाउस्तोला महिनाभर आधी माहीत होतं. त्याआधी घर हलवायचंय हेही माहीत होतं. तरी घर काही हललं नाही. बायकोने विषय काढला की तो चटईवर कूस बदलायचा आणि म्हणायचा, "घर कुठं पळून जातंय?"

घर हलवायचं कारण म्हणजे पिलो. पिलो हा फाउस्तोचा चुलतभाऊ आणि अगदी भिंतीला लागून असलेला शेजारी. तो अंगणभर रांजण मांडून मिठात कोळंबी मुरवायचा. मुरल्यावर ती भाताबरोबर अमृत लागायची, पण तोपर्यंतचा वास सोसायला रक्ताचं नातं असावं लागायचं. मुलाची आई रेमेदियोस पडली दगडी घरात राहणारी बाई. ती चर्चमध्येसुद्धा अत्तराचा रुमाल नाकाशी धरून बसायची. असल्या विहिणीला पिलोच्या रांजणांशेजारी बसवून बोलणी करायची म्हणजे लग्नावर पाणी सोडणंच होतं. म्हणून फाउस्तोची बायको सेलिंग हिचं म्हणणं होतं की खांबांवर उभं असलेलं ते बांबूचं घर माणसं लावून अख्खं उचलावं आणि चर्चमागच्या टेकाडावर आपल्या जागेत नेऊन ठेवावं.

"आणि त्या कापितानचं बोलणं आठवतंय ना?" ती वर विचारायची.

ते विसरण्यासारखं नव्हतंच. मुलाचा बाप सेवेरो एके काळी गावचा मुखिया होता. मुखियापण जाऊन जमाना झाला, पण 'कापितान' ही पदवी त्याने परत केली नव्हती. त्याने फाउस्तोला भर बाजारात ऐकवलं होतं, "मुलाच्या बापाने मुलीच्या घरचा जिना चढून मागणी घालायची हा रिवाज आहे, म्हणून येईन. पण एकदाच. तुमच्याकडून काही गडबड झाली तर दुसऱ्यांदा चढणार नाही. गुडघे माझे आहेत."

फाउस्तोच्या लेकीचं, अंपारोचं, या सेवेरोच्या मुलावर मन जडलं होतं. मुलाचं नाव एलादियो. तो दोन वर्षं, होणाऱ्या जावयाने मुलीच्या घरी राबायच्या रिवाजाप्रमाणे, फाउस्तोकडे पाणी भरत होता, लाकडं फोडत होता आणि कुरकुरत नव्हता. असला जावई आपल्यामुळे हातचा गेला तर पोरीला तोंड कसं दाखवायचं, ही धास्ती फाउस्तोला खरोखरच वाटत होती. फक्त त्या धास्तीने उठून बसावं असं त्याला रविवार उजाडेपर्यंत वाटलं नाही.

रविवारी सकाळी तो गावात माणसं गोळा करायला निघाला आणि मग त्याच्या लक्षात आलं की आज कोंबड्यांच्या झुंजी आहेत. घर उचलायला कुणी नाही म्हणत नसे, तो काही प्रश्न नव्हता. पण झुंजी सोडून कुणी येत नसे. "उद्या उचलू की, तियो," सगळे म्हणाले; साऱ्या गावाचा तो तियो, म्हणजे काका, होता.

"नारळाची ताडी आहे," फाउस्तो म्हणाला.

"ती काय, उचलून झाल्यावर."

"नाही. आधी."

असं गावात आजवर कुणी केलं नव्हतं. घर जागेवर टेकलं की यजमानाने पाजायची आणि जेवू घालायचं, ही पूर्वजांनी घालून दिलेली पद्धत. पूर्वज काही खुळे नव्हते. पण फाउस्तोला घाई होती आणि घाईत माणसाला पूर्वजांपेक्षा आपणच शहाणे वाटतो. झुंजीचा आखाडा बघता बघता ओस पडला.

पिऊन झाल्यावर मंडळींनी खांब जमिनीतून मोकळे केले, घरातल्या जमिनीच्या बांबूपट्ट्यांखालून लांबच लांब बांबू आडवे-उभे बांधले. घराखाली राहणारी डुकरीण पिलोकडे गेली. शिडी काढून फणसाला टेकवली. भांडीकुंडी सेलिंगने आणि अंपारोने डोक्यावर घेतली. आणि फाउस्तो घरात जाऊन बसला.

"खाली उतर," सेलिंग म्हणाली. "घर रिकामं न्यायचं असतं."

"कोनाड्यातला बाळ येशू पडला तर?"

"त्याला मी कडेवर घेते. तुला कोण घेणार?"

"आणि वाट कोण दाखवणार? खालच्यांना काय दिसतंय?"

यात मात्र तथ्य होतं. खांद्यावर बांबू आणि डोळ्यांवर छपराच्या झावळ्या आलेल्या माणसाला फक्त पुढच्याच्या टाचा दिसतात. सेलिंग बाजूला सरली. घर एकदोनदा डुगडुगलं आणि चालू लागलं.

पुढची खिडकी हिसक्याने उघडू नये म्हणून दोरीने आवळली होती. उघडी होती ती मागची. फाउस्तो तिथे मांडी घालून बसला. घराच्या पाठोपाठ बायको आणि लेक येताना दिसत होत्या, वारा येत होता, आणि आपण चालत नसताना आपलं घर चालतंय यासारखं सुख नाही, असं त्याला वाटलं. फाट्यापाशी आल्यावर त्याने पाहिलं, चर्चचा मनोरा त्याच्या डाव्या हाताला होता.

"डावीकडे," तो ओरडला.

"डावीकडे म्हणतोय," खालून एक जण म्हणाला.

"चर्च उजवीकडे ना रे?"

"घर त्याचं. त्याला ठाऊक."

तोंड मागे करून बसलेल्याची डावी ही पुढे चालणाऱ्याची उजवी असते, हे सेलिंगच्या ताबडतोब लक्षात आलं. तिने मागून ओरडायला सुरुवात केली. पण ती मागून ओरडते आहे याची फाउस्तोला लग्नापासून सवय होती. त्याने तिला हात केला आणि घर डावीकडे वळलं. डावीकडे एकच फाटक होतं, दोन गाड्या शेजारून आत जातील एवढं रुंद, आणि ते कापितान सेवेरोचं होतं.

घर धडकलं तेव्हा फाउस्तो उताणा पडला. दगडी घराला दर्शनी भागात दोन भिंतींमधून वर जाणारा रुंद दगडी जिना होता. फाटकातून वळताना फाउस्तोचं घर गर्रकन फिरलं होतं; त्याच्या मागची बांबूची मोरी, म्हणजे भांडी घासायचा उघडा माचा, पुढे आली आणि नेमकी त्या जिन्याच्या तोंडात जाऊन बूच बसावं तशी बसली. खालच्यांना वाटलं, पोचलो. त्यांनी घर टेकवलं. खांब रेमेदियोसबाईंच्या मोगऱ्याच्या वाफ्यात रुतले आणि खांदेकरी आंब्याखाली जाऊन आडवे झाले. सकाळची ताडी आता आपलं काम करत होती.

फाउस्तोने मोरीतून डोकावून पाहिलं. "टेकाडावर एवढा दगडी जिना कुणी बांधला?"

"तुझ्या व्याह्याने," खालून सेलिंग म्हणाली. तिने डोक्यावरची हंडी उतरवली आणि वाफ्याच्या कडेला मटकन बसली. अंपारोने डोक्यावरची भांडी खाली ठेवली. फाउस्तोने तिच्याकडे बघायचं टाळलं.

"घरात कोण आहे बघ तरी," तो म्हणाला.

कुणीच नव्हतं. कारण वऱ्हाड निघून गेलं होतं. ठरलं होतं संध्याकाळचं, पण बरोबर न्यायचं डुक्कर भाजून लवकर तयार झालं होतं आणि त्याची कातडी मऊ पडली तर आपली अब्रू जाईल, असं कापितानचं मत पडलं. म्हणून मंडळी भर दुपारी नदीकाठच्या पायवाटेने फाउस्तोकडे निघाली, आणि घर हमरस्त्याने त्यांच्याकडे.

तिकडे काय झालं ते एलादियोने मागाहून सांगितलं. सगळे घामाघूम होऊन पोचले तर घराच्या जागी खांबांचे खड्डे, पिलोकडून परत आलेली डुकरीण आणि फणसाला टेकवलेली शिडी; पिलोही खांदा द्यायला गेलेला, त्यामुळे सांगायला कुणी नाही. शिडी काढून ठेवलेली असली की घरात कुणी नाही असं समजायचं, हे लहान पोरालाही कळतं. पण घरच काढून ठेवलेलं असलं की काय समजायचं, यावर बराच वेळ वाद झाला. शेवटी रेमेदियोसबाई रुमालाआडून म्हणाल्या, "पळाले. मुलगी द्यायची नाही हे तोंडाने सांगायची हिंमत नाही, म्हणून घर घेऊन पळाले."

"शिडी उचला," कापितान म्हणाला. "आता ही शिडीच गावाला दाखवतो."

ती शिडी आणि ते डुक्कर घेऊन मंडळी आली तेव्हा फाउस्तो दारात उभा होता. मनातून तो पार खचला होता, पण घरात उभा असल्यामुळे यजमानासारखा दिसत होता.

कापितान फाटकातच थांबला. त्याने आधी घराकडे पाहिलं, मग मोगऱ्याकडे, मग आंब्याखाली घोरणाऱ्या गावाकडे. "हे काय आहे?"

"घर आहे, कापितान."

"ते दिसतंय. माझ्या दारात काय करतंय?"

"ते तसं टेकाडावर चाललं होतं."

"आम्ही तुमच्या दारात जाऊन आलो. तिथे दार नव्हतं. बोलणी संपली. बाजूला व्हा, मला माझ्या घरात जायचंय."

बाजूला व्हायला फाउस्तोची ना नव्हती, पण बाजूला व्हायचं होतं घराला. कापितानने खांदेकऱ्यांना हाका मारल्या. एकाने डोळे न उघडता "उद्या, कापितान" म्हटलं. मागचं दार रेमेदियोसबाईंनी चोरांच्या भीतीने आतून अडसर घालून ठेवलं होतं. जिन्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंती कापितानच्या आज्यानेच उंच बांधल्या होत्या आणि गुडघ्यांबद्दल तर त्याने बाजारात सांगितलंच होतं. ऊन रणरणत होतं, डुकराची कातडी मऊ पडत होती.

"एक वाट आहे," एलादियो हळूच म्हणाला. "शिडीने वर जायचं, तियोंच्या घरातून आरपार जायचं, मोरीत उतरायचं. मोरीतून आपला जिना."

"मी यांच्या घरात पाऊल ठेवणार नाही," कापितान म्हणाला.

"मग इथे उन्हात बसायचं का?" रेमेदियोसबाईंनी विचारलं. त्यांनी शिडी लावायला लावली.

"जरा थांबा," सेलिंग म्हणाली. तिने हंडी उचलली, लेकीला पुढे घातलं आणि दोघी आधी वर चढल्या. पाहुणे यायच्या आधी घरच्या बाईने घरात असायला हवं, मग घर कुठेही असो.

कापितान चढला. प्रत्येक पायरीला तो खालच्यांना सांगत होता, "मी माझ्या घरी चाललोय. हे चढणं धरायचं नाही." त्याच्यामागून रेमेदियोसबाई, मग काका, मावश्या, आत्या, शेवटी डुक्कर. आत आल्यावर सेलिंगने चटया अंथरल्या.

"बसायला आलेलो नाही," कापितान म्हणाला.

"जाल हो. घरातून जाताना काही न खाता जातात का?" सेलिंग म्हणाली आणि हंडीतल्या, आलं घालून शिजवलेल्या भाताची वाटी पुढे केली.

कापितान टेकला. पट्ट्यांच्या फटींतून खालचा गार वारा येत होता आणि त्याच्याबरोबर मोगऱ्याचा वास. रेमेदियोसबाईंनी रुमाल खाली घेतला. "आमच्याकडे वर बाई फार गदमदतं," त्या म्हणाल्या आणि पाय पसरून बसल्या. डुक्कर कापलं गेलं. कातडी अजून कुरकुरीत होती. एका मावशीने तोंडात घास असतानाच विचारलं, "मग मागणी कधी घालायची?"

कापितानने सगळ्यांकडे पाहिलं. सगळे त्याच्याकडे बघत चावत होते. "चढलोच आहे," तो पुटपुटला, "आणि पुन्हा चढणार नाही हे सांगितलंच आहे. आमच्या एलादियोला तुमची अंपारो द्या."

फाउस्तोच्या छातीवरचा धोंडा उतरला. त्याला एकदम रडू यायला लागलं. "दिली," तो म्हणाला. "आणि टेकाडावरची माझी ती जागा पोरांना. घर तिथे मी बांधून देईन."

"बांबूचं?" कापितान म्हणाला. "माझी सून दगडी घरात राहील. वरच्या खोल्या रिकाम्या आहेत."

"माझी लेक तुमच्या भट्टीत?"

"भट्टी कुणाला म्हणता?"

"तुमच्याच बायकोने म्हटलं आत्ता."

आवाज चढले. काका-मावश्या दोन बाजूंना वाटले गेले, जमिनीच्या पट्ट्या करकरू लागल्या. सेलिंगने कपाळाला हात लावला. एलादियो उठून उभा राहिला आणि काय बोलावं ते न सुचल्यामुळे पुन्हा बसला.

"मला कुणी विचारणार आहे का?" अंपारो म्हणाली.

सकाळपासून ती पहिल्यांदाच बोलत होती, म्हणून सगळे थांबले.

"मी एलादियोशीच लग्न करणार," ती म्हणाली. "पण दगडी घर नको. बांबूचंच द्या, आणि चांगलं हलकं द्या. टेकाडावर ठेवायचं तर ठेवा, इथे अंगणात ठेवायचं तर ठेवा. तुम्ही दोघं असेच भांडायला लागलात, की आम्ही माणसं बोलावून उचलून दुसरीकडे नेऊ."

कापितानने फाउस्तोकडे पाहिलं, फाउस्तोने कापितानकडे.

"भात आणखी घेणार का, व्याही?" फाउस्तोने हळू आवाजात विचारलं.

"घेतो की," कापितान त्याहून हळू म्हणाला.