वाघ साच्यात बसेना

एका जंगलात, म्हणजे जिथे नेटवर्क आपल्या सोसायटीपेक्षा भारी यायचं अशा एका जंगलात, कुरणाच्या कडेला एक खिडकी होती. ऐका हं बाळांनो, जाम मस्त गोष्ट आहे.

खिडकीवर कुणीही यायचं, काहीही विचारायचं. बोरं कुठे पिकली? नदीला पाणी किती? आत साळूताई नावाची साळिंदर बसायची. पाखरं तिला अख्ख्या जंगलाची खबर द्यायची. ती उत्तर चिठ्ठीवर लिहून बाहेर पाठवायची. थोडक्यात काय, साळूताई म्हणजे त्या जंगलाचा सर्व्हर!

मग एकदा घोळ झाला. अस्वलानं विचारलं, "आज ऊन पडेल का?" साळूताईनं उत्तराबरोबर सशाच्या बिळाचा पत्ताही लिहून टाकला. केवढा तमाशा! सिंहानं हुकूम काढला, यापुढे प्रत्येक उत्तर साच्यात, म्हणजे ठरलेल्या रकान्यांत, बसलंच पाहिजे. साच्याला सगळे स्टाइलमध्ये 'स्कीमा' म्हणायचे. तपासायला खिडकीत मुंगूस बसवला. उत्तर बसलं, तर हिरवा शिक्का. नाही बसलं, तर चिठ्ठी परत. जादा मजकूर असला, तर तेवढा फाडायचा. आणि मध्ये जाड काच. बाहेर ऐकू जायचं ते फक्त मुंगसाच्या माइकवरचं.

एके दुपारी हरणी आली. तीन दिवस पाण्याचा थेंब नाही. जीभ टाळ्याला चिकटलेली. पण पाणवठ्यावर जायचं, तर आधी एक गोष्ट कळायला हवी ना!

"वाघ कुठे आहे हो?" तिनं विचारलं.

साळूताईनं चिठ्ठीच्या फटीतून बाहेर पाहिलं आणि तिचे काटे ताठ उभे राहिले. वाघ रांगेत होता! हरणीच्या बरोब्बर मागे! मान खाली, डोळे मोबाईलमध्ये.

तिनं लिहिलं, "जागा: तुझ्या मागे."

मुंगसानं माइक बंद केला. "ताई, जागा चारच. पाणवठा, टेकडी, गुहा, कुरण. हे 'मागे' कुठून काढलंत?"

चिठ्ठी परत. बाहेर पाटी लागली, 'आत काहीतरी गडबड झाली आहे.'

"कसली गडबड?" हरणी घाबरली.

"ते बाहेर सांगत नाहीत," मुंगूस माइकवर म्हणाला.

साळूताईनं दुसरी चिठ्ठी दिली. "जागा: कुरण. अंतर: अगं दोन पावलं, दोनच!"

"अंतरात आकडा लागतो, ताई. हे तर रडगाणं आहे."

"अरे मेल्या, बाहेर बघ की! वाघ उभाय तिथे!"

"मी उत्तरं बघतो. वाघ बघणं माझ्याकडे नाही."

साळूताईनं तिसरी लिहिली. "जागा: कुरण. अंतर: २. सूचना: पळ!!!"

मुंगूस खूश झाला. सूचना तेवढी साच्यात नव्हती. ती त्यानं टर्रकन फाडली, उरलेल्यावर शिक्का मारला.

हरणीनं वाचलं. "कुरण, दोन. म्हणजे दोन कोस असणार. मग काय, आरामात पाणी पिते."

"झालं का हो ताई तुमचं?" मोबाईलवरून नजर न हलवता वाघानं हरणीला विचारलं आणि तोंड खिडकीशी आणलं. "अर्जंट आहे. हरीण कुठे आहे?"

हरणी जागच्या जागी थिजली. तोंडातली चिठ्ठी गळून पडली.

या वेळी साळूताईनं क्षणभरही विचार केला नाही. "जागा: टेकडी. अंतर: ९." धडधडीत खोटं.

मुंगसानं तपासलं. चारपैकी एक जागा, आहे. आकडा, आहे. जादा काही, नाही. त्याला अगदी भरून आलं. "ताई, याला म्हणतात उत्तर! शिका जरा स्वतःकडूनच!"

धाडकन शिक्का.

वाघ चिठ्ठी वाचून धावत सुटला. जाताना हरणीच्या पायावर त्याचा पाय पडला.

"सॉरी हं," तो म्हणाला, आणि मोबाईलवर टेकडीचा रस्ता शोधत निघून गेला.

हरणी पाणवठ्यावर पोचली आणि घटाघटा पाणी प्यायली. इकडे मुंगसानं साळूताईच्या नावावर त्या दिवशीचं सर्वोत्तम उत्तर म्हणून टेकडीची चिठ्ठी काचेवर चिकटवली.

तात्पर्य: बाळांनो, नेहमी खरं बोलावं. पण ते साच्यात बसत नसेल, तर बरोबर मापाचं एक खोटं हाताशी ठेवावं. जीवही वाचतो, आणि शिक्का पहिल्या फटक्यात मिळतो.