पोटाचा होकार

पाहुण्याच्या घरी गेल्यावर माणसानं आधी पोरगी बघावी आन् मग बाकीचं इचारावं, अशी दुनियेची रीत हाय. आमचा योगीराज आधी संडास कुठं हाय ते इचारतो. तो परत येईस्तोवर पोहे गार होतेत, आन् पोरगीचे मायबापबी.

पाथरीला असंच झालं, सोनपेठलाबी. तिकडून निरोप आला, "पोराला काई बिमारी हाय का?" तिशी उलटलेलं पोरगं माझं, आन् बिनलग्नाचं ऱ्हायची पाळी. म्हणून त्याला परभणीच्या डॉक्टरणीकडं नेलं.

तिनं सगळं तपासलं. जखम न्हाई, गाठ न्हाई. म्हणली, "काकू, ह्यांचं आतडं चिडकं आहे. पोटातल्या नसांचं जाळं म्हणजे जणू धाकटा मेंदूच. अंगातलं बहुतेक सिरोटोनिन, म्हणजे नसांचे निरोप पोचवणारं रसायन, आतड्यातच तयार होतं." (नाव खताच्या गोणीवर शोभंल असं.) "डोकं आणि पोट सारखं एकमेकांशी बोलत असतं. इकडं काळजी, की तिकडं कळ." गोळ्या दिल्या, पथ्य सांगितलं.

मी शाळेत दुसरीपस्तोर गेले, पण कारभार मला कळतो. ज्याच्या घरात माल तयार होतो, मालक तोच. म्हणजी पोट हे मालक आन् डोकं त्याचा कारकून. आजवर आमी सगळ्या सोयरिकी कारकुनाला इचारून करत आलो. सबब घरात ठराव केला: यापुढं सोयरिकीच्या कामी सदरहू पोटाचं मत अखेरचं समजण्यात यावं. पोट गप तर होकार, पोट हललं तर नकार. (हरकत घ्यायला योगीराज हजर नव्हता. कुठं होता ते सांगायला नको.)

मग चारठाण्याला कल्याणरावाची त्रिवेणी बघायला गेलो. पोरगी चहा ठेवून आत गेली. योगीराजानं तिच्याकडं एकदाच बघितलं होतं, तेवढ्यावर उठला आन् मागच्या दारानं गेला. नकार. घर चांगलं, पोरगी त्याहून चांगली, पण ठराव म्हणजी ठराव. "येते," म्हणून मी पदर सावरला.

कल्याणराव खाली मान घालून म्हणला, "जरा बसा बाई. आमची पोरगीबी परसाकडंच गेलीय."

मी मागं गेले. संडास एकच. आत योगीराज, दारासमोर त्रिवेणी. मी भिंतीआड थांबले.

"जरा लवकर आटपा जी."

"तुमालाबी?"

"दहावीच्या परीक्षेपासून. पाहुणे आले की जास्तच."

"मला आजच्याइतकं कधीच झालं न्हाई."

"का? मी आवडले न्हाई?"

आतून तांब्या बादलीवर आपटला. मग बारीक आवाजात, "आवडलाव म्हणून."

ठराव तिथंच रद्द झाला. (पोट नकाराला हलतं तसं होकारालाबी हलतं, ही बाब इचारात घ्यायची राहून गेली होती.)

बैठकीत परत आले तर दोन्हीकडची लग्न झालेली माणसं निवांत पोहे खायलेली. जलमाची गाठ बांधतानी त्यांच्यातल्या एकालाबी कधी उठावं लागलं नव्हतं. तुमालाबी लागलं नसंल.

योगीराज तोंड पुसत आला. सगळ्यांच्या देखत मी फैसला सांगितला:

"योगीराज, सोयरीक पक्की. ज्यांनी गप बसून पोहे खाल्ले आन् हो म्हणले, त्यांचं पोट लग्नानंतर दुखायलंय. तुमा दोघांचं आधीच उरकलं. आता मांडवाच्या आधी घरी दुसरा संडास बांध."