लंब्या पोस्टमनची छत्री

घराण्याचा मूळपुरुष थोरला नावाडी. त्याने भर पुरात होडी घातली आणि पैलतीराहून कुणाची तरी बकरी वाचवून आणली. त्याचा मुलगा धाकटा नावाडी. त्याने होडी तेवढीच ठेवली, मिशी मात्र बापापेक्षा मोठी राखली. त्याचा मुलगा पाण्याला इतका भ्यायचा, की वडिलोपार्जित वल्हे टाकून तो शिंपी झाला आणि सारा गाव त्याला 'कोरडा' म्हणू लागला. या कोरड्याच्या पोटी जन्मला आपला नायक, लंब्या पोस्टमन!

ही वंशावळ माईसाहेबांनी स्वतः रचली होती. लंब्या म्हणजे त्यांच्या क्रमशः कादंबरीचा नायक. साप्ताहिकाच्या प्रत्येक अंकात तो संकटात सापडे आणि त्याच अंकात सुखरूप बाहेर येई. साप चावला, तर बिनविषारी निघे. दरोडेखोर भेटला, तर शाळेतला बाकमित्र निघे. थंडीच्या प्रकरणात तर स्वेटर घातल्याशिवाय माईसाहेब त्याला घराबाहेरच सोडत नसत!

अखेर संपादकांचा फोन आला.

"माईसाहेब, वाचक आता जांभया देतात. लंब्याला मारा! बुधवारपर्यंत त्याचे मरण हाती आले नाही, तर कादंबरी आहे तिथे बंद. अर्ध्या वाक्यात!"

"मारते!" माईसाहेब गरजल्या. "मी एकदा ठरवले की ठरले!"

यात अतिशयोक्ती नव्हती. त्या घरात भिंतीवरचे घड्याळसुद्धा माईसाहेबांचा चेहरा पाहून टोले देत असे.

अडचण एकच होती, छत्रीची. पहिल्याच प्रकरणात लंब्याने पुलावरच्या राखणदार म्हातारीची छत्री उसनी घेतली होती. ती परत द्यायला तो निघाला, की माईसाहेब त्याच्या वाटेत काही तरी आडवे घालत. कधी वादळ, कधी तातडीची तार, एकदा तर अख्खी सर्कस! सूनबाईने एकदा विचारलेही होते, "आई, ती छत्री एकदाची देऊन का टाकत नाही तो?"

"देणे राहिलेले माणूस मी मरू देत नाही," माईसाहेब म्हणाल्या होत्या. "आणि तू चहा टाक."

पण आता शब्द दिला होता. माईसाहेबांनी मन दगडाचे केले. पुलाची फळी मोडली, लंब्या अथांग नदीत पडला, दिसेनासा झाला, आणि उलटी छत्री एकटीच वाहत गेली. माईसाहेबांनी पेनाला टोपण लावले, कागद सूनबाईकडे टंकलेखनासाठी फेकले आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या.

तेवढ्यात शेजारीण साखर मागायला आली. तिने जन्मात कादंबरी वाचली नव्हती.

"काय झालं हो माईसाहेब?"

"गेला! या हातांनी वाढवलेला माझा पोर गेला! पाण्यात!"

शेजारणीच्या हातातली वाटी गळाली. माईसाहेबांना एकच मुलगा, तोही असाच ताडमाड. ती धावत सुटली आणि घटकाभरात सारी गल्ली बैठकीत गोळा झाली. कुणी पाणी पाजले, कुणी पाठ चोळली. माईसाहेबांना वाटले, वा! केवढे हे वाचकप्रेम! त्यांनी आणखी हुंदके दिले. इतक्यात दार उघडून चिरंजीव कचेरीतून आले.

"अगं बाई! हा तर चालतोय!" शेजारीण किंचाळली आणि खुर्चीसकट मागे पडली.

"चालू नको तर काय करू?" चिरंजीव गोंधळून म्हणाले. "रिक्षा मिळाली नाही!"

तो खुलासा होईपर्यंत चहाची दोन पातेली संपली. शेवटी चिरंजीव टंकलेले प्रकरण घेऊन छापखान्यात गेले, आणि रविवारी अंक आला. माईसाहेबांनी चष्मा पुसून पान उघडले.

"पुलाची फळी मोडली. ती कालच नवी बसवली होती. लंब्या अथांग नदीत पडला. पाणी गुडघाभर होते. तो खोल खोल बुडत गेला आणि कोळ्याच्या जाळ्यात अलगद बसला. तो पुन्हा कुणालाही दिसला नाही. उलटी छत्री एकटीच वाहत गेली. मग त्याने सदरा पिळला, छत्री झटकली आणि तो टपाल वाटायला गेला."

माईसाहेबांनी ते तीनदा वाचले. मग हाक मारली. त्या हाकेने घर हलले.

"फळी कोणी बदलली?"

सूनबाई पदराशी चाळा करू लागली. "टाइप करता करता... एकच वाक्य, आई. मला वाटलं, कुणाच्या लक्षात येणार नाही."

"आणि पाणी कोणी उपसले?"

"मी," चिरंजीव पुटपुटले. "रिक्षात. मला काय माहीत, हिने आधीच फळी बसवली आहे?"

"कोळी कुणाचा?"

दोघांनीही नकारार्थी माना हलवल्या. माईसाहेबांनी छापखान्यात फोन फिरवला. खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याने लगेच कबुली दिली. "माईसाहेब, बायको म्हणाली, लंब्याला बुडवलंत तर घरी येऊ नका!"

राहिले शेवटचे वाक्य. माईसाहेबांनी संपादकांना गाठले. पलीकडे बराच वेळ नुसते खोकणे ऐकू आले.

"ते होय? पानावर जागा उरली होती, माईसाहेब."

"तुम्हीच ना मरण मागितले होते?"

"मागितलं होतं." संपादकांचा आवाज एकदम लहान झाला. "पण छापायची वेळ आली, तेव्हा वाटलं... त्या म्हातारीच्या छत्रीचं काय होईल हो?"

माईसाहेबांच्या हुकमाचा असा चौफेर बोजवारा आजवर उडाला नव्हता. त्याहून वाईट म्हणजे, अब्रू गेली! आता सारे वाचक हसणार! त्यांनी धीर करून कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला बोलावले. तो त्यांचा सर्वांत जुना वाचक.

"प्रकरण वाचलेस?"

"वाचलं की! झकास!"

"काही... विचित्र नाही वाटले?"

"विचित्र काय त्यात?" इस्त्रीवाला म्हणाला. "पडला, बुडला, वाचला. तुमचं दर आठवड्याला असंच तर असतं!"

माईसाहेबांनी दार लावून घेतले. मग टेबलाशी बसून त्यांनी अखेरचे प्रकरण लिहायला घेतले. या खेपेला वादळ नाही, तार नाही, सर्कस नाही. लंब्या सरळ चालत पुलावर गेला आणि त्याने छत्री पुढे केली.

"किती वर्षं लावलीस रे?" म्हातारी कडाडली. तिचा आवाज माईसाहेबांसारखाच होता.

"कामात होतो, आजी."

म्हातारीने छत्री उघडली, एकेक काडी चाचपली. "कापड नवं दिसतंय."

"बाबांनी घातलंय."

म्हातारीने वर पाहिले. "कोरड्यानं? मग गळायचं नाही. जा, फिटलं तुझं देणं."

माईसाहेबांनी खाली 'समाप्त' लिहिले आणि पेनाला टोपण लावले. मग काही तरी आठवून पुन्हा काढले. प्रकरणाच्या सुरुवातीला त्यांनी आभाळ भरून आल्याचे लिहिले होते. इकडे तिकडे कुणी पाहत नाही ना, याची खात्री करून त्यांनी ती ओळ खोडली आणि स्वच्छ ऊन घातले. परतीची वाट लांबची होती, आणि पोराजवळ आता छत्री नव्हती.