सावरीवरचा जावई

एका जंगलात, मुलांनो, हरबाजी नावाचा धनेश पक्षी राहत होता. धनेश तुम्ही कदाचित पाहिला नसेल. मोठी वाकडी चोच, लांब शेपूट, आणि उडताना पंखांचा असा आवाज, की दूर कुणी सुपानं धान्य पाखडतंय असं वाटावं.

या धनेशांची एक रीत आहे. ती आधी नीट ऐकून घ्या.

अंडी घालायची वेळ आली की धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत जाऊन बसते आणि ढोलीचं तोंड चिखलानं लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढी फट ठेवते. आत तिची पिसं झडतात. मग बरेच दिवस तिला बाहेर पडता येत नाही आणि पडली तरी उडता येत नाही. नवरा बाहेरून फळं आणतो आणि फटीतून भरवतो. तो आला तर ती जगते. नाही आला तर आत काय झालं ते कुणाला कळतही नाही.

म्हणून धनेश आपली लेक फार बघून द्यायचे. जुनी परीक्षा सोपी होती. मुलाला बोलवायचं. त्यानं घशात उंबरं भरून आणायची आणि मुलीच्या चोचीत एकेक ठेवायची. पिकलेलं आधी देतो की कच्चं, हलके ठेवतो की भिरकावतो, हे सासरा शेजारच्या फांदीवरून बघायचा. मग होय की नाही ते सांगायचा.

पुढे जंगल सुधारलं. तेव्हा परीक्षाही सुधारली. आता मुलाला एवढंच विचारायचे, "नोकरी दरबारी की खासगी?"

हरबाजीला दोन लेकी. थोरली शेवंता, धाकटी अबोली. शेवंतासाठी दोन स्थळं आली.

पहिलं भिवाचं. भिवा कोल्हेशेठच्या कंपनीत होता. कुणाला भूक लागली की त्यानं बसल्या जागेवरून आरोळी ठोकायची, आणि त्याची जांभई मिटायच्या आत कंपनीनं दारात फळ पोचवायचं. भिवा उजाडल्यापासून उडायचा. फळ मिळालं की गिऱ्हाईक शिट्ट्या घालायचं. पुष्कळ शिट्ट्या म्हणजे गिऱ्हाईक खूश. कमी शिट्ट्या पडल्या की कोल्हेशेठ बोलावून घ्यायचे. ते कुणाला नोकर म्हणत नसत. "आपण सगळे एक कुटुंब आहोत," असं म्हणायचे. त्या कुटुंबातून रोज कुणीतरी कमी व्हायचं.

कमाई मात्र चांगली होती. चांगल्या दिवशी भिवा दरबारी चाकरापेक्षा जास्त उंबरं घरी न्यायचा. वाईट दिवशी तो घरी जायचाच नाही.

दुसरं स्थळ यशवंतरावांचं. यशवंतराव दरबारात टेहळणीदार होते. सिंहमहाराजांच्या पणजोबांच्या काळी उत्तरेकडून लांडगे चालून आले होते. तेव्हापासून उत्तरेच्या सावरीच्या झाडावर एक टेहळणीदार बसवलेला असे. ते लांडगे मेले, त्यांची नातवंडंही मेली, पण जागा चालू राहिली. सकाळी येऊन बसायचं. संध्याकाळी "आले नाहीत" असं ओरडायचं आणि घरी जायचं.

त्याचं रोज मापानं उंबर मिळे. जंगलात उंबर महागलं की माप वाढे. उन्हाळ्यात सावरीला पानं नसतात म्हणून उन्हाचा भत्ता. सावर फुलली की तिच्या लाल फुलांकडे लक्ष जातं, ते जाऊ नये म्हणून फुलांचा भत्ता. चोच दुखली तर दरबारी वैद्य. म्हातारपणी घरबसल्या अर्धं माप, आणि मेल्यावर बायकोला.

"मेल्यावरसुद्धा," हरबाजी आपल्या बायकोला म्हणाला. "ऐकलंस का सगुणे, मेल्यावरसुद्धा उंबर चालू."

"आणि जिवंतपणी काय करतात?"

"बसतात."

"भिवा?"

"उडतो. पण उद्या त्याला उडू देतील का, हे कोण सांगणार?"

"मी ढोलीत होते तेव्हा तुमची कुठं नोकरी होती?" सगुणा म्हणाली.

हरबाजीला एक जुनं वादळ आठवलं. त्या वादळात तो रस्ता चुकला होता. पोचला तेव्हा फटीत चोच दिसेना. त्यानं हाका मारल्या, तेव्हा कुठं आतून सगुणाचा बारीक आवाज आला. तो आवाज त्याच्या मनातून कधी गेला नाही. लेकीच्या ढोलीतून तसा आवाज येऊ नये, एवढंच त्या बापाला हवं होतं. मापाचं उंबर त्याला त्यासाठीच हवं होतं.

भिवा बघायला आला तो घसा भरून आला. कुणी न सांगता त्यानं शेवंताला एकेक उंबर भरवलं, पिकलेलं आधी. शेवंतानं मान खाली घातली, पण चोच मिटली नाही. एवढ्यात लांबून कुणाची तरी आरोळी आली.

"काका, हाक आली. येतो," म्हणून भिवा उडाला.

"बघितलंस? भर कार्यातून उठून गेला," हरबाजी म्हणाला.

यशवंतराव चुलत्याला घेऊन आले. पोटभर खाल्लं. भरवायचं नाव नाही. चुलते म्हणाले, "आमचा मुलगा भरवत नाही. त्याला गरजच काय? बाकी हुंडा वगैरे काही नको. ढोली तेवढी तुमच्याकडून. पण उत्तरेकडे तोंड असलेली नको. तो दिवसभर उत्तरच बघतो."

शेवंताला कुणी विचारलं नाही, असं मात्र समजू नका. तिला विचारलं, "यशवंतराव पसंत आहेत ना?"

लग्न झालं. यथाकाल शेवंतानं ढोली लिंपून घेतली. पहिले काही दिवस यशवंतराव संध्याकाळी काम संपवून आले. मग त्यांच्या लक्षात आलं, की टेहळणीदारानं घसा फुगवून गावभर उडणं बरं दिसत नाही. त्यांनी आपलं माप कोल्हेशेठच्या कंपनीकडे लावून दिलं. कंपनीनं आपला वाटा ठेवायचा आणि बाकीचं उंबर ढोलीवर पोचवायचं.

एके दुपारी हरबाजी लेकीच्या झाडाजवळ आला, तर फटीपाशी भिवा. एकेक उंबर आत देत होता.

"भिवा? तू इथं?"

"कंपनीनं पाठवलं, काका."

"तुला माहीत होतं, कुणाची ढोली ते?"

"पत्ता झाडाचा दिला होता. ढोली आल्यावर कळली." भिवानं पुढचं उंबर आत दिलं. "नेहमी घाईत असतो. इथं घाई करवत नाही."

दुसऱ्या दिवशीही हरबाजी लांबून बघून गेला. त्यानंतर त्याला गाढ झोप लागू लागली.

आत अंडी फुटून पिलं निघाली. आता जास्त घास लागायचे आणि बारीक करून द्यावे लागायचे. भिवाचा वेळ जायचा. पुढची गिऱ्हाइकं खोळंबायची. शिट्ट्या कमी झाल्या. कोल्हेशेठनी भिवाला बोलावलं, आधी त्याच्या तब्येतीची चौकशी केली आणि मग म्हणाले, "भिवा, कुटुंबाला वाटतं, की तुला आता मोकळं आकाश द्यावं."

त्याच्या जागी एक कावळा आला. कावळा झाडावरून जाता जाता वरूनच उंबर टाकायचा आणि पुढं जायचा. उंबर खाली पालापाचोळ्यात पडायचं. पोचवलं गेलं, म्हणजे काम झालं.

हरबाजी आला तेव्हा फटीत चोच नव्हती. त्यानं हाक मारली. आतून बारीक आवाज आला. तसाच.

तो तडक सावरीवर गेला.

"जावईबापू, पोर उपाशी आहे."

"कळलं मला, मामा," यशवंतराव उत्तरेकडे बघत म्हणाले. "मी गप्प बसलो नाही. त्या कावळ्याला एक शिट्टी घातली नाही."

"तुम्ही स्वतः या ना थोडे दिवस."

"टेहळणी सोडून? आणि लांडगे आले तर?"

"कधी आलेत का?"

"आले नाहीत म्हणून तर जागा टिकून आहे, मामा. आले असते तर पहिल्यांदा मलाच विचारलं असतं."

"मग सुट्टी घ्या. तुम्हाला तर सुट्ट्या आहेत."

यशवंतरावांनी मान वळवली. पहिल्यांदाच त्यांनी सासऱ्याकडे नीट पाहिलं. अडाणी माणसाकडे पाहतात तसं.

"सुट्ट्या घ्यायच्या नसतात, मामा. साठवायच्या असतात. निवृत्त होताना त्यांचंसुद्धा उंबर मिळतं."

हरबाजी मागे फिरला. वाटेत दिसेल ते फळ त्यानं घशात कोंबलं. धापा टाकत तो ढोलीपाशी पोचला, तर तिथं भिवा बसला होता. सुकलेला, पंखांची टोकं झिजलेली. फटीतून शेवंताची चोच बाहेर आलेली होती.

"आता कुठली कंपनी?" हरबाजीनं विचारलं.

"कुठलीच नाही, काका. रानातली फळं आहेत. इकडं यायची सवय लागली होती."

त्यानंतर रोज भिवाच यायचा. पिलांना पंख फुटले, शेवंतालाही नवी पिसं आली. एका सकाळी तिनं आतून लिंपण फोडलं आणि ती पिलांसकट बाहेर आली. त्या दिवशी महाराजांच्या आजोबांची जयंती होती, म्हणून यशवंतरावांना सुट्टी होती. तेही आले. पिलं गुटगुटीत बघून सगळे धनेश माना डोलवू लागले. "शेवटी दरबारी उंबरच अंगाला लागतं," चुलते म्हणाले. यशवंतराव नम्रपणे हसले. शेवंता मात्र गर्दीत कुणाला तरी शोधत होती. भिवा आला नव्हता. त्याला कुणी बोलावलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी सगुणा म्हणाली, "आता अबोलीसाठी लांब कुठं बघायचं नाही."

हरबाजीच्याही मनात तेच होतं. तो भिवाकडे गेला.

"भिवा, माझी अबोली तुला द्यायची आहे. पण तू आधी दरबारात लाग."

"असाच आलो तर, काका?"

"असाच कसा? चार पक्षी काय म्हणतील?"

त्या पोरानं एका लेकीला मरणातून ओढून काढलं होतं. दुसरीच्या वेळी, मुलांनो, बाप तरीही नोकरीच विचारत होता. वाईट नव्हता तो. भ्यालेला होता.

योगायोगानं दरबारात जागा निघाली. उत्तरेचा टेहळणीदार नीट बसतो की नाही, हे बघायला समोरच्या सावरीवर आणखी एक टेहळणीदार हवा होता. सगळं रान परीक्षेला बसलं. लांडग्याला दात किती, असा प्रश्न आला. लांडगा कुणीच पाहिला नव्हता, पण भिवानं पाठ केलं होतं. तो लागला. त्याचा भिवाजीराव झाला.

लग्न थाटात झालं. हरबाजी इतका हलका पूर्वी कधीच झाला नव्हता. उंबर दरबारी आणि भरवणारा भिवा, आता आणखी काय हवं? अबोलीनं ढोली लिंपली तेव्हा चिखल त्यानं स्वतः आणून दिला.

एका दुपारी तो मजेत लेकीच्या झाडाकडे निघाला. लांबूनच त्याला कावळा दिसला. कावळ्यानं वरून उंबर टाकलं आणि पुढं गेला.

हरबाजी समोरच्या सावरीवर गेला. भिवाजीराव बसले होते. अंगानं भरले होते. पिसांवर तुकतुकी आली होती. हरबाजीला बघून त्यांनी मान खाली घातली.

"मामा, तुम्ही काय म्हणणार ते मला माहीत आहे."

"तू असं करशील, असं वाटलं नव्हतं रे."

"मलाही वाटलं नव्हतं." भिवानं आपल्या मिटलेल्या पंखांकडे पाहिलं. "पहिल्यांदा पंख मिटून बसलोय, मामा. रोज ठरवतो, आज जायचं. पण उघडवत नाहीत."

हरबाजीला रागवायचं होतं. पण त्यानं ते पंख झिजलेले पाहिले होते. पलीकडे उत्तरेच्या सावरीवर यशवंतराव पेंगत होते, आणि ते नीट बसलेत याची भिवा मनात नोंद घेत होता.

म्हातारा तिथून उठला. उंबराच्या झाडावर गेला, घसा भरून घेतला आणि निघाला. त्याला आता वारा कापवत नव्हता. दोनदा फांदीवर थांबून दम घ्यावा लागला. ढोलीपाशी पोचला तेव्हा फटीत अंधार होता.

"कोण?" आतून अबोलीनं विचारलं.

घसा भरलेला होता, म्हणून हरबाजीला बोलता आलं नाही. त्यानं सगळ्यात पिकलेलं उंबर आधी पुढं केलं.

तात्पर्य: जावई दरबारीच करावा, मुलांनो. मात्र लग्न ठरवण्याआधी सासऱ्याचे पंख एकदा तपासून घ्यावेत.