डबा वाजवण्याची परवानगी

निसर्गाचा समतोल राखायचा म्हटला की कुणाला तरी थोडी झळ सोसावीच लागते, आणि ती आपल्याला लागत नसेल तर समतोल फारच सुंदर दिसतो. याच थोर विचाराने, साठ वर्षांपूर्वी संपलेले गरुड डोंगरावर पुन्हा आणून सोडण्यात आले. प्रत्येक गरुडाला क्रमांक, पायात कडं, दरमहा वैद्यकीय तपासणी आणि स्वतंत्र फाइल मिळाली. (डोंगराखालच्या मेंढपाळाला यातलं काहीच नव्हतं. पण तो अजून नामशेष झाला नव्हता, त्याला कोण काय करणार?)

तीन आठवड्यांत मेंढपाळाची नऊ कोकरं गेली. उरलं एक. आई मेल्यामुळे बायकोने बाटलीवर वाढवलेलं, गळ्यात निळ्या लोकरीचा दोरा, दिवसभर तिच्या मागे मागे. मेंढपाळाची मागणी किरकोळ होती: गरुड दिसला की पत्र्याचा डबा वाजवू द्या. पण घरट्यापासून दोन किलोमीटरपर्यंत आवाजाला मनाई. कोकरू घरात कोंडावं तर ते ओरडून घर डोक्यावर घ्यायचं, म्हणजे पुन्हा नियमभंग. शेवटी मेंढपाळ पक्षी पुनर्वसन कक्षात गेला.

"गरुडानेच नेली कशावरून?" साहेबांनी विचारलं.

"वर नेली, साहेब. कोल्हा वर नेत नाही."

"मृतदेह सादर करा. दोन प्रतींत."

"तो गरुडाने खाल्ला."

"म्हणजे पुरावा गरुडाच्या पोटात. आणि ते तर संरक्षित क्षेत्र आहे हो!"

साहेब मनाने वाईट नव्हते. त्यांनी चहा पाजला आणि अर्ज क्रमांक सात दिला. त्यात गरुडाचा क्रमांक, पंजा (डावा की उजवा) आणि गरुडाचं म्हणणं हे रकाने सक्तीचे होते. शेवटच्या रकान्यात मेंढपाळाने लिहिलं, 'भूक लागली होती.' (इतक्या प्रामाणिकपणे भरलेला हा कक्षातला एकमेव अर्ज.)

निकालाला अठरा दिवस लागणार होते. सोळाव्या दिवशी कोकरू गेलं. मेंढपाळ डबा हातात धरून अंगणातच उभा होता, पण नियम म्हणजे नियम, त्याने तो वाजवला नाही. बायकोने त्याच्याशी बोलणं टाकलं. त्यालाही ते रास्तच वाटलं.

अठराव्या दिवशी तो कक्षात पोचला, तर सगळे पडद्याला डोळे लावून बसलेले. घरट्यावर कॅमेरा होता आणि परवाचं गाजलेलं दृश्य पुन्हा लागलं होतं. पिल्लाच्या चोचीत निळा दोरा.

"साहेब, हा दोरा माझ्या बायकोने बांधलेला! घ्या पुरावा!"

साहेबांनी निरखून पाहिलं आणि लगेच मान्य केलं. तसं लेखीही दिलं. "पण आता डबा कशाला? तुमच्याकडे कोकरूच कुठे आहे?" अर्ज निकाली निघाला.

पुढे पिल्लाचं नाव ठरवायला प्रेक्षकांचं मतदान सुरू झालं. दोन लाख मतांनी 'निळू' आघाडीवर होतं. 'दोरा किती गोड दिसतोय!' असंही पुष्कळांनी लिहिलं.

मेंढपाळाच्या बायकोने ते सगळं वाचलं आणि कित्येक दिवसांनी तोंड उघडलं. "अहो, ही माणसं कोण?"

त्याला सांगता येईना. तुम्हाला विचारणार होता. पण तुम्ही त्या वेळी घरच्यांच्या फोनवरून दुसरं मत देत होता.