कार्यालयीन वेळेतला शनी

विश्व अनंत आहे. विद्यापीठ मात्र साडेपाचला बंद होते. खगोलशास्त्र विभागाने या दोन सत्यांची सांगड ज्या धीराने घातली, त्याचे कौतुक व्हायला हवे. तारे रात्री दिसतात आणि रात्री हजेरीचे यंत्र बंद असते. म्हणून विभागाने आधी सूर्यावर संशोधन केले (तो वेळेवर येतो). सूर्याकडे पाहणे डोळ्यांना घातक, हे सुरक्षा समितीच्या लक्षात आल्यावर तेही थांबले. तेव्हापासून विभागात एकही अपघात झालेला नाही. शोधही नाही, पण अहवालात तो रकाना नसतो.

या विभागातल्या बाई महिनाअखेर निवृत्त होणार होत्या. त्यांची इच्छा एकच: शेवटच्या वर्गाला दुर्बिणीतून शनी दाखवायचा. त्या विद्यार्थिनी असताना त्यांच्या सरांनी घुमटाच्या पायऱ्यांवर स्टोव्ह पेटवून सगळ्यांना चहा पाजला होता आणि शनीचे कडे दाखवले होते. ते इतके रेखीव होते, की काचेवर कुणी चित्र तर चिकटवले नाही ना, हे बघायला त्या दुर्बिणीच्या पुढच्या टोकाला गेल्या होत्या. सर पोट धरधरून हसले होते. (अशा हसण्याची आता नियमांत तरतूद नाही.)

विभागप्रमुख बाईंचाच जुना विद्यार्थी. म्हणाला, "बाई, तुम्हाला नाही म्हणवत नाही हो. पण रात्रीचा वॉचमन कुठून आणू? सकाळी अकराला उरकून टाका ना."

"अरे, दिवसाढवळ्या शनी?"

"दुर्बीण मोठी आहे की आपली!"

अकरा वाजता घुमट बंदच ठेवण्यात आला, कारण उघडला की कबुतरे शिरतात. मुले रांगेने आली, एकेक डोळा लावून गेली. "भारी!" "कडं एकदम क्लिअर!" निरीक्षणाला दहा गुण होते. एक मुलगी तेवढी म्हणाली, "मॅडम, सगळा अंधारच आहे." प्रमुखाने तिला प्रेमाने पुन्हा रांगेत उभे केले. तिसऱ्या खेपेस तिलाही शनी दिसला.

बाई उठल्या आणि इतक्या वर्षांनी पुन्हा पुढच्या टोकाला गेल्या. टोपण घट्ट बसलेले होते.

"राहू द्या, बाई," प्रमुख हळूच म्हणाला, "काढलं की धूळ बसते. आणि दिसला ना सगळ्यांना?"

बाईंनी टोपण काढले, पर्समध्ये टाकले आणि घर गाठले. विद्यापीठाची मालमत्ता नेल्याबद्दल त्यांची चौकशी चालू आहे.

वाचकांनी खुशाल हसावे. फक्त आपल्या इमारतीच्या गच्चीला कुलूप लावायचे ठरले, तेव्हा आपण कुणाच्या बाजूने होतो आणि आता किल्ली कुणाकडे असते, तेवढे आठवून पाहावे.