सदलग्यात न निघालेले बूट

सदलग्यात धर्मराज मास्तरांच्या घरी साखरपुड्याला आलेल्या सगळ्या पाहुण्यांनी दारात चपला काढल्या आणि आत जाऊन सतरंजीवर बसले. मागं उरला एकटा दीपंकर. तो नवऱ्या मुलाचा थोरला भाऊ. वडील नसल्यामुळे घरचा कर्ताही तोच. त्याच्यावाचून आत काहीच सुरू होणार नव्हतं आणि हा अंगणात उभा राहून चिकूच्या झाडाकडे असा टक लावून बघत होता, जणू चिकू बघायलाच बेळगावहून आलाय. खरी गोष्ट एवढीच होती, की त्याचे बूट पायातून निघत नव्हते.

दीपंकर बेळगावातल्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचा आणि उरलेल्या वेळात जुने बूट जमवायचा. जुने म्हणजे नुसते वापरलेले नव्हेत. आजोबांच्या काळातल्या साहेबलोकांनी घातलेले, चामडी तळाचे, हातशिलाईचे. कॅम्पातला एखादा जुना बंगला रिकामा व्हायला लागला, की भंगारवाल्याच्या आधी हा तिथं हजर. कुणाला बुरशी आलेली, कुणाची टाच झिजलेली, असले जोड पिशवीत घालून घरी आणायचे आणि रविवारभर गच्चीत बसून त्यांना तेल-मेण चोळायचं. बुरशीखालून मूळचा तांबूस रंग वर आला, की तो बायकोला, करिष्माला, हाक मारायचा. ती यायची, बघायची, 'छान' म्हणून आत निघून जायची. त्या घरात बूट काचेच्या कपाटात राहत होते आणि करिष्माच्या साड्या पलंगाखाली.

बरं, दीपंकर नुसता जमवणारा नव्हता, घालणाराही होता. आणि जुन्या बुटांची अडचण अशी, की ते दुसऱ्याच्या पायाचे असतात. धाकट्या भावाच्या, म्हणजे भीमरत्नच्या साखरपुड्यासाठी त्यानं काढलेला जोड सगळ्यांत देखणा होता. गडद तांबडा, निमुळत्या नाकाचा. कुणा फौजी डॉक्टरचा असावा, असं दीपंकरनं स्वतःच ठरवून टाकलं होतं. त्या डॉक्टरचा पाय मात्र त्याच्याहून एका मापानं लहान. यावर इंटरनेटवर एका गोऱ्या म्हाताऱ्यानं उपाय सांगितला होता. बूट भिजवा, ओलेच पायात घाला आणि वाळेपर्यंत वावरा, म्हणजे ते तुमच्या पायाचा आकार घेतात. म्हाताऱ्यानं पुढंही काहीतरी सांगितलं असावं. पण तोवर दीपंकरनं व्हिडिओ बंद करून बादली भरायला घेतली होती.

सकाळी ओले बूट घालून तो गाडीत बसला आणि ते लवकर वाळावेत म्हणून भर एप्रिलात त्यानं पायाकडचा हीटर लावला. करिष्मा शेजारी पदरानं वारा घेत होती. काकतीपर्यंत बूट गार होते, हत्तरगीला कोमट झाले, संकेश्वरला बोटं ठणकायला लागली. निपाणीला आईला आणि भीमरत्नला घ्यायला थांबले, तेव्हा ठणकणं एकदम बंद झालं. दीपंकरला वाटलं, बुटानं पायाला आपलं म्हटलं. खरं तर पायानं हात टेकले होते. ओलं चामडं वाळताना आवळतं, हे पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाला कळायला हवं होतं. पण विज्ञान वर्गात असतं, गच्चीत हौस असते.

त्याची आई पारूबाई. उभी हयात निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत काढलेली बाई, तिच्या नजरेतून काडी सुटायची नाही. गाडीत बसता बसता तिनं विचारलं, "लंगडतोयास का रं दीपू?"

या बुटांची चालच अशी ऐटीची असते, असं दीपंकरनं तिला समजावलं. पारूबाईनं सुनेकडे बघितलं. सून खिडकीबाहेर बघत होती.

सदलग्याला उतरल्यावर त्यानं नाड्या सोडल्या. नाड्या सुटल्या, पार हातात आल्या. बूट जिथल्या तिथं. करिष्मानं गाडीआड ओढून बघितलं. मग नव्या सुटातल्या भीमरत्ननं ओढून बघितलं. आंब्याची साल कोयीपासून वेगळी होते, पण हे प्रकरण एकजीव झालं होतं. शेवटी दीपंकर म्हणाला, तुम्ही व्हा म्होरं, बुटाचं कुणाला बोलू नका, मी जरा वाऱ्याला थांबतो. वारा कुठंच नव्हता.

आता दारात सरळ सांगून टाकायला काय हरकत होती? होती. दीपंकरला जिल्हा ओळखत होता तो बुटांसाठी नव्हे. 'लग्नातला मानपान बंद करा' या विषयावर चिकोडीपासून खानापूरपर्यंत त्याची भाषणं गाजली होती. हुंडा नको, आहेर नको, टॉवेल-टोपी नको, रुसवेफुगवे तर नकोतच. धर्मराज मास्तरांनी असंच एक भाषण पहिल्या रांगेत बसून ऐकलं होतं आणि या घरात आपली मुलगी पारमिता द्यायची, हे तिथंच मनाशी पक्कं केलं होतं. अशा माणसापुढं 'बूट अडकलेत' म्हणायला जीभ रेटेना.

मास्तर स्वतः बाहेर आले. "सर, आत या की. बौद्धाचार्य थांबल्यात."

"हितंच बरं हाय मास्तर. तुमी करा चालू."

घरचा कर्ता अंगणातून 'करा चालू' म्हणाला, की त्याचा अर्थ काय होतो, हे मास्तरांना कळेना. पण त्यांची थोरली बहीण गुणाबाई हिला लगेच कळलं. तिनं खिडकीतून एकच नजर टाकली आणि निदान केलं, "रुसलाय त्यो." तिच्या स्वतःच्या लग्नात तिचा थोरला दीर असाच दारातल्या लिंबाखाली जाऊन उभा राहिला होता आणि मनगटी घड्याळ मिळाल्यावरच आत आला होता. तेव्हापासून अंगणात झाडाकडे बघत उभा असलेला व्याही तिला लांबूनही ओळखू यायचा.

मग उपचार सुरू झाले. आधी सरबत आलं. मग उंच पाठीची खुर्ची आली. मग लांब वायर जोडून उभा पंखा आला. दीपंकर खुर्चीवर बसला, कारण पाय उभं राहू देईनात. त्यामुळे तर रुसवा बैठा झाला, असं आत जाहीर झालं. गुणाबाईनं टॉवेल-टोपी पाठवली. दीपंकरनं तत्त्वाला जागून ती हात जोडून परत केली. टॉवेलावर भागत नाही म्हणजे मागणं मोठं आहे, हे गुणाबाईनं ओळखलं आणि शेजारच्या घरातून फेटा मागवला. तोही परत गेला. तिकडे पारमिताच्या आईला वाटलं, एवढा शिकला-सवरलेला माणूस, आपली फरशीच त्याला अस्वच्छ वाटली असेल. तिनं फडकं घेऊन पाहुण्यांना सतरंजीवरून उठवलं आणि सगळी फरशी पुन्हा पुसली.

भीमरत्न बाहेर आला तो रडवेला होऊन. आत कुजबुज वाढली होती. भाषणं एक आणि वागणं एक, असं कुणीतरी मोठ्यानं बोललं होतं आणि पारमिताचे मामा पायात चपला सरकवत होते. "अण्णा, माझं लगीन मोडाय लागलंय," तो म्हणाला.

तेव्हा दीपंकरनं मास्तरांना बोलावून खरं ते सांगून टाकलं. "मास्तर, बूट निघंनात."

मास्तर शांतपणे म्हणाले, "सर, माझी उभी नोकरी पोरांची कारणं ऐकण्यात गेली. कुणाची वही गाईनं खाल्ली, कुणाची आज्जी दर परीक्षेला मेली. तुमच्या कारणाला मी दहात दोन देतो. काय पायजे ते सरळ सांगा."

दीपंकरनं घाईघाईनं उजवा पाय पुढं केला आणि म्हणाला, "मग तुमीच वढून बगा."

यापेक्षा वाईट वाक्य त्याला सापडलं नसतं. मास्तर दोन पावलं मागं सरले. मुलीच्या बापाकडून बूट काढून घ्यायचे होते, म्हणून हा सगळा ताप, असं त्यांच्या तोंडून निघालं आणि दारात जमलेल्या माणसांच्या तोंडचं पाणी पळालं. बौद्धाचार्यांनी मेणबत्तीची काडेपेटी हळूच खिशात घातली.

इतका वेळ भिंतीला टेकून बसलेली पारूबाई उठली. अंगणात येऊन पोराच्या खुर्चीशेजारी उभी राहिली आणि म्हणाली, "मास्तर, माजा पोरगा येडा हाय. खोटारडा न्हाय."

आईनं भर अंगणात इतकं सांगितल्यावर शंकेला जागाच उरली नाही. मास्तरांनी वाकून बूट ओढला. बुटासकट दीपंकर आणि दीपंकरसकट खुर्ची पुढं सरकली. मास्तरांचा चेहरा एकदम निवळला. मग तसेच बुटासकट आत या, असं ते म्हणाले. पण आत बुद्धांची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर मांडलेली, त्यांच्यापुढं बुटानं जायला दीपंकरच तयार होईना. गुणाबाई मागच्या दारानं गेली आणि ऊसतोडीचा कोयता घेऊन आली.

"फौजी डॉक्टरचे बूट हायत ते," दीपंकर पाय पोटाशी घेत म्हणाला. भावाचं लग्न एकीकडे आणि तो तांबडा जोड एकीकडे, आणि त्याला ठरवायला इतका वेळ लागतोय हे बघून करिष्मानं कपाळाला हात लावला आणि बादलीपासून हीटरपर्यंतचं सगळं सांगून टाकलं.

पारमिता पांढऱ्या साडीत उंबऱ्यापाशी आली होती. पाण्यानं भिजून आवळलेले बूट पाण्यानंच सैल होतील न्हवं का, असं तिनं साधेपणानं विचारलं. प्राध्यापकानं मान खाली घातली. हे त्याच्याच विषयात बसत होतं.

बादलीत दोन पाय मावेनात, म्हणून मोठं घमेलं आणलं. पाणी कोमट केलं. गुणाबाईनं त्यात खोबरेल ओतलं आणि उन्हानं चक्कर येईल म्हणून तो परत गेलेला फेटा दीपंकरच्या डोक्यावर बसवून टाकला. नको म्हणायचं त्राण त्याच्यात राहिलं नव्हतं. संशय घेतल्याची टोचणी लागलेले मास्तर कुणाचं ऐकेनात. तेच खाली बसले आणि तांब्यानं बुटांवर पाणी सोडायला लागले. साखरपुड्याचे फोटो काढायला आलेला माणूस कधीचा रिकामा बसला होता. त्यानं मन लावून एक फोटो काढला.

डावा बूट आधी सुटला. चिखलातून म्हशीनं पाय काढावा तसा आवाज झाला आणि मास्तर बूट घेऊन मागं पडले. उजव्याला आणखी घमेलंभर पाणी लागलं. मग दीपंकर सुरकुतलेल्या अनवाणी पायांनी आत गेला, त्रिशरण-पंचशील झालं, अंगठ्या घातल्या गेल्या, मामांनी चपला पुन्हा काढल्या. सगळं यथासांग पार पडलं. दीपंकर तेवढा मधूनच मान लांब करून दाराबाहेर बघत होता. अंगठी घालायच्या ऐन वेळी त्यानं करिष्माला कानात सांगितलं, की बूट उन्हातून सावलीत सरकव. ती हलली नाही. संध्याकाळी त्या बुटांचे तळ सुसरीच्या जबड्यासारखे उघडले होते.

फोटो मोबाइलवरून त्यांच्याआधी निपाणीला पोचला होता. डोक्याला फेटा, मागं पंखा, उंच खुर्ची, घमेल्यात पाय आणि समोर वाकलेला मुलीचा बाप. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'मानपानविरोधी प्राध्यापकांची पाद्यपूजा. साहेबांनी बूटसुद्धा काढले नाहीत.' दीपंकरनं लांबलचक खुलासा लिहिला. त्यात चामड्याचे गुणधर्म होते. तो कुणी वाचला नाही. त्याची भाषणं ठेवणाऱ्या मंडळानं त्याला बोलावून विचारलं, तेव्हा त्यानं सगळं जसंच्या तसं सांगितलं आणि लोक तोंडावर हात धरून हसले. धर्मराज मास्तरांनी स्वतः येऊन साक्ष दिली, सरांना दहात दहा म्हणाले. पण व्याही दुसरं काय म्हणणार, असं लोकांचं पडलं. भाषणांची बोलावणी थांबली. रविवार मोकळे झाले आणि दीपंकर पुन्हा गच्चीत जाऊन बसला.

पुढच्या लग्नसराईत त्याच्या कॉलेजातल्या रविराजच्या बहिणीचं लग्न संकेश्वरला होतं. रविराज खानापूरकडच्या शेतकरी घरातला, त्याच्या पाहुण्यांत दीपंकरला चेहऱ्यानं ओळखणारं कुणी नव्हतं, म्हणून तो निवांत मनानं गेला. कार्यालयाच्या दारात गर्दी दिसली. मधोमध उंच पाठीची खुर्ची होती. मागं उभा पंखा. खुर्चीवर फेटा बांधलेला नवरदेवाचा थोरला भाऊ, पायात नवे कोरे बूट आणि ते बूट गुलाबाच्या पाकळ्या टाकलेल्या तांब्याच्या घंगाळात.

दीपंकरनं रविराजला बाजूला घेऊन हे काय म्हणून विचारलं.

"सदलगा पद्धत, सर," रविराज घाम पुसत म्हणाला. "आता सगळीकडं हेच चालतंय. पाव्हण्यांनी पयल्या बैठकीतच सांगितलं, बुटासकट पाय धुयाचे. आमच्यात, लिंगायतांत, सगळ्यांत आलंय ते."

एवढ्यात मुलीचे काका तांब्या घेऊन पुढं झाले आणि अडले. यात काही चुकलं तर पाहुणे उठून जातील, ही धास्ती त्यांच्या चेहऱ्यावर होती. गर्दीत सुटाबुटातला, शिकलेला दिसणारा माणूस एकच होता. त्यांनी अदबीनं त्यालाच विचारलं, "सर, तुमी जाणते दिसताय. आधी डावा का उजवा?"

दीपंकरच्या जिभेवर सगळं भाषण आलं. चिकोडी ते खानापूर, पहिल्या वाक्यापासून शेवटच्या टाळीपर्यंत. त्यानं घसा साफ केला. सगळी गर्दी त्याच्याकडे बघत होती. त्यानं खुर्चीवरच्या माणसाकडे बघितलं, तर तो ओठ चावून बसला होता आणि त्याच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. बूट त्याच्या मापाचे दिसत नव्हते. बरेच घट्ट होते.

"आधी डावा," दीपंकर म्हणाला. "आणि पाणी कोमट करा. उजव्याला जास्त लागतंय."